आवाज पलीकडे जातो का

प्राचीनं दहा वर्षं लोकांची दुःखं ऐकली ती दुसऱ्यांच्या जागेत. कधी सरकारी इस्पितळात पडद्याआड, कधी एका संस्थेच्या ऑफिसात झेरॉक्स मशिनच्या शेजारी, आणि दादरच्या एका शाळेत तर चक्क खेळाच्या सामानाच्या खोलीत. समोरचा मुलगा नुकता कुठे रडायला लागलेला असायचा, तेवढ्यात दार ढकलून कोणीतरी विचारायचं, "मॅडम, आत व्हॉलीबॉल आहे का?" समुपदेशनाचं शिकताना तिच्या बाई सांगायच्या, माणूस तोंड उघडायच्या आधी खोली त्याच्याशी बोललेली असते. आपली स्वतःची खोली झाली तर ती कशी असावी, हे प्राचीनं एका वहीत बारीकसारीक लिहून ठेवलं होतं.

खोली मिळाली ती वडिलांमुळे. दौलतराव गिरणीत साचेवाले, म्हणजे मागावर विणणारे कामगार होते आणि लालबागच्या एका चाळीत दुसऱ्या मजल्यावर त्यांचं बिऱ्हाड होतं. प्राची वर्षाचीही नव्हती तेव्हा ते बायकोमुलीला घेऊन चेंबूरला राहायला गेले. खोलीत त्यांचा चुलतभाऊ राहिला. दोन वर्षांपूर्वी दौलतराव वारले, पाठोपाठ चुलतभावानंही गावचा रस्ता धरला आणि किल्ली प्राचीच्या हातात आली.

तिची आई, मालनबाई, किल्लीकडे बघून एवढंच म्हणाली, "विकून टाक."

"आई, अगं लालबागमध्ये जागा! तिथल्या बायकांना दुःख सांगायला बांद्र्याला जाणं परवडतं का?"

"मग दुसरीकडे बघ. तिथं नको."

कारण विचारलं की आई उठून ओट्यापाशी जायची. प्राचीला वाटायचं, आईला लाज वाटते. 'मालनची पोरगी वेड्यांची डॉक्टर झाली' असं नातेवाईक हसत म्हणायचे, तेव्हाही आई अशीच भरलं ताट सोडून उठायची. होईल सवय, म्हणून प्राचीनं लवू मेस्त्रीला बोलावून काम सुरू केलं.

मेस्त्री कणकवलीकडचा. हात सोन्याचे आणि तोंड फटकळ. पहिल्याच दिवशी त्यानं विचारलं, "टेबल कुठे टाकायचं?"

"टेबल नको."

"मग डॉक्टर कोण आणि पेशंट कोण, कळणार कसं?"

"कळायलाच नको, मेस्त्री."

त्यानं मान हलवली, पण ती सांगेल तसं करत गेला. कमरेपर्यंतचा जुना हिरवा ऑइलपेंट खरवडून ताकात हळद सांडावी तसा फिकट रंग लावला. ट्यूबलाइट काढून कोपऱ्यात कापडी छत्रीचा दिवा बसवला. दोन खुर्च्या समोरासमोर ठेवल्या तर उलटतपासणी वाटते, म्हणून किंचित तिरक्या. बोलणाऱ्याला वाटलं तर खिडकीबाहेर बघता यावं. चपलांचं कपाट तिनं दाराच्या आत मागितलं, तेव्हा मात्र मेस्त्रीनं करवत खाली ठेवली.

"आत कशाला?"

"चाळ आहे. गॅलरीत चप्पल दिसली की अख्ख्या मजल्याला कळतं, आत कोण बसलंय ते."

"ह्याला म्हणतात डोकं," मेस्त्री म्हणाला आणि त्या दिवसापासून तिला 'मॅडम'च्या ऐवजी 'ताई' म्हणायला लागला.

दादरहून तिनं मोहरीच्या रंगाच्या चार उश्या आणल्या, मांडीवर घेऊन बसायच्या. संध्याकाळी आईला फोनवर त्यांचा फोटो दाखवला. मालनबाईंनी फोन असा लोटला की तो ओट्यावरून पडता पडता राहिला.

"उश्या कशाला हव्यात तिथे?"

"बोलताना माणसाला काहीतरी धरून बसावंसं वाटतं, आई."

मालनबाई मोरीत गेल्या. नळाचा आवाज बराच वेळ येत राहिला.

राहता राहिली भिंत. शेजारच्या खोलीत कमळाबाई राहायच्या. मालवणकडच्या, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, एकट्या. डावा पाय गुडघ्यातून वाकत नसे, काठी टेकत चालायच्या. पहिल्याच दिवशी गॅलरीत त्यांनी प्राचीच्या गालावरून हात फिरवला होता. "दौलतची पोर ना गो तू?" म्हणून कितीतरी वेळ तिच्याकडे बघत राहिल्या होत्या. रोज दुपारी मेस्त्रीला आणि तिला चहा त्यांच्याकडूनच येई.

दोन्ही खोल्यांच्या मधली भिंत पोटमाळ्यापर्यंत विटांची होती आणि त्याच्यावर नुसत्या लाकडी फळ्या. इकडे कोणी शिंकलं तर तिकडे कळायचं. मेस्त्रीनं विटांवर काचेच्या कापसाचा थर देऊन प्लाय ठोकला, फळ्यांच्या फटी बुजवल्या, दाराखाली रबराची पट्टी लावली. शनिवारी दुपारी प्राची म्हणाली, "मेस्त्री, तुम्ही आत दार लावून पेपर वाचा. साध्या आवाजात. मी पलीकडे जाऊन बघते, आवाज जातो का."

कमळाबाई खाली बसून ताटात सुकट निवडत होत्या. प्राचीनं विचारलं, "आजी, काही ऐकू येतंय का हो तिकडचं?"

कमळाबाईंनी मान वर केली. "तुझो मेस्त्री वृषभ राशीचा भविष्य वाचता. प्रवास टाळा म्हणता."

प्राचीला हसू आलं. "म्हणजे सगळंच येतं!"

"माका सगळा आयकाक येता गो. पयल्यापासून." त्यांनी सुकटीतला खडा वेचून बाजूला टाकला. "आयकाक येय म्हणान तर तू आज हय उभी आसस."

"म्हणजे?"

"म्हणजे काय? त्या दिवशी माका आयकाक येवक नसता, तर तू गेली असतीस."

कमळाबाई 'सुकट महाग झाली' म्हणावं इतक्या सहज बोलल्या होत्या. पलीकडून मेस्त्रीचा आवाज मिथुन राशीवर आला होता.

"कुठे गेले असते, आजी?"

आता कमळाबाईंचा हात थांबला. त्यांनी तिचं तोंड नीट पाहिलं, आणि त्यांच्या स्वतःच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला.

"तुझ्या आवशीन सांगूक नाय तुका?"

"काय नाही सांगितलं?"

"अरे देवा." त्यांनी ताट दूर सारलं. "माका वाटला, तुका सगळा ठावक आसा. म्हणानच तू ह्या शिक्षण घेतलंस, म्हणानच ही खोली घेतलंस. मी रोज मनात म्हणतंय, पोर किती धीराची. बस गो बाय. आधी बस."

प्राची बसली. अर्धवट सांगून तोडणं कमळाबाईंना जमेना आणि प्राचीही त्यांना सोडेना. मग त्यांनी सांगितलं ते असं.

प्राची तेव्हा तीन महिन्यांची होती. मालन दिवसचे दिवस झोपत नसे. केस विंचरत नसे, कोणाशी बोलत नसे, भिंतीकडे बघत बसे. बाळंतिणीला होतं असं, म्हणून मजल्यावरच्या बायकांनी दृष्ट काढली, कोणी ताईत बांधला. दौलत दुसऱ्या पाळीला असायचा, दुपारी जायचा तो रात्री यायचा. त्या दुपारी मूल तास-दीड तास रडत होतं. कमळाबाई इकडे तांदूळ निवडत होत्या. आणि एकाएकी रडणं बदललं. थांबलं असतं तर कमळाबाईंना बरं वाटलं असतं, पण ते थांबलं नाही, दबलं. विहिरीत बोलावं तसं झालं. त्या धावत गॅलरीत गेल्या. दाराला आतून कडी. हाका मारल्या, दार बडवलं, काही नाही. मग त्या आपल्या खोलीत परत आल्या, शिडीवरून पोटमाळ्यावर चढल्या, मधली फळी लाथेनं मोडली आणि पलीकडे उडी टाकली.

"हो पाय त्या दिवशीचो," त्या म्हणाल्या.

उशी मुलाच्या तोंडावर होती. उशीवर मालनचे दोन्ही हात. कमळाबाईंनी तिला ढकललं, मूल उचललं. ओठ जांभळे झाले होते. तळपायावर चापट्या मारल्या, तोंडात फुंकर घातली, उलटं धरून पाठ चोळली. किती वेळ गेला देव जाणे, पण शेवटी ते ओरडलं.

"आणि आई?"

"बसान होती. माका इचारल्यान, झोपली काय ती?"

त्यांनी बाहेर कोणाला कळू दिलं नाही. माळ्यावरून टोप काढताना पडले, असं चाळीत सांगितलं. खरं ते फक्त दौलतला. त्यानं दुसऱ्याच दिवशी बायकोला मोठ्या इस्पितळात नेलं. ती चार महिने तिथे होती. ते चार महिने प्राची ह्या खोलीत, कमळाबाईंच्या कुशीत वाढली. त्या प्लास्टर घातलेला पाय पसरून तिला वाटी-चमच्यानं दूध पाजायच्या.

प्राची उठली. "येते हां आजी," असं नेहमीसारखं म्हणाली. पलीकडच्या दारात मेस्त्री पेपर घेऊन उभा होता.

"काय ताई, किती आयकू गेलं?"

"सगळं."

"मग वरच्या फळ्यांना आणखी एक थर मारू?"

"मारा," ती म्हणाली आणि जिना उतरायला लागली. पहिल्या मजल्यावर तिला कळलं की पायात चपला नाहीत. ती परत वर गेली नाही.

खाली मसाल्याच्या गिरण्यांच्या गल्लीत मिरची कुटणं चाललं होतं. येणारे-जाणारे नाकाला पदर, रुमाल लावून लगबगीनं पुढे सरकत होते. प्राची मधोमध उभी होती. एक दुकानदार ओरडला, "ओ ताई, नाक झाका, ठसका लागेल!" तिनं नाकाखाली बोट धरलं. श्वास येत होता, जात होता, बोटाला गरम लागत होता. ती कितीतरी वेळ तशीच बोट धरून उभी राहिली. ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं, तरी तिनं बोट काढलं नाही.

ह्या आजाराला काय म्हणतात, तिला माहीत होतं. बाळंतपणानंतर हजारात एखाद्या बाईला होतो, औषधानं बरा होतो, त्यात मुलाचा जीव जाऊ शकतो. वस्त्यांत फिरणाऱ्या आशाताईंसाठी, म्हणजे आरोग्यसेविकांसाठी तिनं स्वतः मराठीत पुस्तिका लिहिली होती. 'ही आई वाईट नसते, आजारी असते' हे तिनं किती सभांमध्ये सांगितलं असेल. आता ते वाक्य ती मनात म्हणायला गेली तर दुसऱ्या शब्दापुढे जाता येईना.

चेंबूरला घरी पोचली तेव्हा मालनबाई खाली बसून मेथी निवडत होत्या. त्यांनी लेकीचे काळे झालेले पाय पाहिले, मग चेहरा पाहिला.

"कमळाबाई भेटली," त्या म्हणाल्या. प्रश्न नव्हताच तो.

"हो."

"कुठपर्यंत सांगितलं?"

"उशीपर्यंत."

मेथीची जुडी मालनबाईंच्या हातात तशीच राहिली. प्राचीची नजर कॉटकडे गेली. डोक्याशी घडी घातलेली गोधडी होती. ह्या घरात उशी कधीच नव्हती. गोधडीवर झोपलं की मान सरळ राहते, असं बाबा सांगायचे, आणि चौतीस वर्षं तिला ते खरं वाटत आलं होतं.

"इस्पितळात डॉक्टर म्हणाले, हळूहळू विसराल," मालनबाई म्हणाल्या. "मी नाही विसरले. एकवीस दिवस डोळ्याला डोळा लागला नव्हता. मला वाटलं, हिला काहीतरी दुखतंय, ते थांबवायला पाहिजे. हिला झोप लागली की मलाही लागेल. बस, एवढंच. राग नव्हता गं तुझा. तुला खरं वाटणार नाही."

"मला कधी जवळ घेऊन झोपली नाहीस."

"नाही."

"सातवीत मला टायफॉइड झाला होता. मी म्हणत होते, आई ये ना. तू बाबांना पाठवलंस."

"डॉक्टर म्हणत होते, बरी झालीस. माझाच माझ्या हातांवर भरोसा नव्हता."

प्राची जवळजवळ ओरडलीच, "आणि मी हेच शिकत होते तेव्हा? घरात ह्याच विषयाची पुस्तकं पडलेली असायची, तेव्हाही तुला सांगावंसं नाही वाटलं?"

"तू लिहिलेलं ते पातळ पुस्तक मी वाचलंय. तू कामाला गेलीस की वाचायचे. पाठ आहे मला." मालनबाई पहिल्यांदाच तिच्याकडे सरळ बघत होत्या. "त्यात माझ्यासारखी एक बाई आहे. तिला तू नाव दिलं नाहीस. नुसतं 'एक माता' लिहिलंस. मला वाटलं, हिला कळलं तर ही माझ्याकडे तशीच बघेल. एक माता."

दहा वर्षं लोकांच्या अशा बोलण्यावर काय बोलायचं ते प्राचीला आपोआप सुचत आलं होतं. आज ती उठून मोरीत गेली आणि पाय धुवत बसली. एकच पाय पुन्हा पुन्हा धुतला, हे तिच्या नंतर लक्षात आलं.

पुढचे आठ दिवस घरात दोघी गरजेपुरतं बोलल्या. मेस्त्री फोन करी, प्राची म्हणे, थांबा. नवव्या दिवशी सकाळी मालनबाईंनी ठेवणीतली पांढरी साडी नेसली आणि म्हणाल्या, "मला लालबागला ने."

जिना चढताना त्यांनी कठडा दोन्ही हातांनी धरला होता. कमळाबाई दारातच उभ्या होत्या.

"इलंस? चौतीस वर्सा लावलंस गो, मालन."

मालनबाई आत जाऊन त्यांच्या पायाशी बसल्या आणि त्या ताठ गुडघ्यावर हात ठेवून रडायला लागल्या. आवाज न करता, खांदे हलवत. कमळाबाईंनी थोडा वेळ रडू दिलं. मग म्हणाल्या, "त्या गुडघ्याक काय रडतंस? उजवो पडूक नव्हतो, तरी तोय गेलो. म्हातारपण दुसरा काय." आणि मालनबाई रडता रडता हसल्या. प्राचीनं आईला असं हसताना कधी पाहिलं नव्हतं. तिला ते बघवेना. ती गॅलरीत जाऊन उभी राहिली.

थोड्या वेळानं मालनबाई बाहेर आल्या. "दाखव तुझी खोली."

उंबऱ्यावर त्या थांबल्या. आत मेस्त्री रंधा मारत होता, तो बाजूला सरला. मालनबाईंनी माळ्याच्या फळ्यांकडे पाहिलं, फरशीकडे पाहिलं. खिडकीखालची एक जागा त्यांनी वळसा घालून टाळली. प्राचीनं ते पाहिलं. मग मालनबाई येणाऱ्या माणसासाठी ठेवलेल्या मऊ, खोल खुर्चीत बसल्या.

त्यांनी एकदा उठून पाहिलं, पुन्हा बसल्या. मग म्हणाल्या, "ही खुर्ची बदल."

"मऊ आहे की, आई."

"मऊ आहे, पण खोल आहे. पोर कडेवर असलेल्या बाईला ह्यातून उठता येणार नाही. अडकल्यासारखं होईल." त्यांनी मागे वळून पाहिलं. "आणि दार पाठीमागे नको. इस्पितळात माझ्या पाठीमागे दार होतं, समोर टेबल, आणि बाजूला सहा शिकाऊ डॉक्टर उभे. मला सारखं वाटायचं, मागून कोणीतरी येऊन मला धरणार."

प्राचीनं वही उघडली.

"दिवा चांगला आहे. उजेड डोळ्यात नाही येत." मालनबाईंनी खोलीभर नजर फिरवली. "पोराला ठेवायला जागा कुठे केलीस?"

"नाही केली."

"मग बाई बोलेल कशी? तिचं मूल तिच्या नजरेसमोर पाहिजे. पण थोडा वेळ तरी दुसऱ्या कोणाच्या हातात पाहिजे. मला तेव्हा कोणी एक तास घेतलं असतं ना तुला..." त्यांनी वाक्य तिथंच सोडलं.

"माझ्याकडे ठेवा," गॅलरीतून कमळाबाईंचा आवाज आला. त्यांना अर्थातच सगळं ऐकू येत होतं.

प्राची लिहीत होती. अक्षर ओळ सोडून उतरत चाललं होतं.

"काय लिहितेस?" मालनबाईंनी विचारलं. "माझ्यावर?"

"नाही. खुर्चीबद्दल."

"आणि त्या उश्या?"

मेस्त्री मध्येच म्हणाला, "त्या माळ्यावर टाकल्यात, ताई. अजून प्लास्टिकपण काढलं नाय."

"राहू दे त्यांना," मालनबाई म्हणाल्या. "दुसऱ्या कोणाला त्यांची भीती नाही वाटायची. मी येईन तेव्हा उचलून ठेवत जा, म्हणजे झालं."

खोली दसऱ्याला उघडायची ठरली होती, ती उघडली नाही. प्राचीनं दोन महिने पुढे ढकललं. दर गुरुवारी ती दादरला रश्मी मॅडमकडे जायला लागली. तिला हे काम शिकवणाऱ्या त्याच बाई. पहिल्या गुरुवारी ती तासभर बसली आणि निघताना एवढंच म्हणाली, "मॅडम, तुमच्याकडे दार माझ्या पाठीमागे आहे." पुढच्या गुरुवारी ती गेली तेव्हा खुर्ची फिरवलेली होती. मग ती बोलायला लागली.

डिसेंबरात खोली उघडली. चौथ्याच दिवशी कॉटन ग्रीनहून एक बाई तान्हं मूल घेऊन आली. मूल रडायला लागलं तेव्हा प्राचीची नजर दाराकडे गेली, पण ती उठली नाही. कमळाबाईंनी दार वाजवून मूल नेलं आणि बाई पाऊण तास बोलली.

मालनबाई आता दर रविवारी लालबागला जातात, कमळाबाईंना सुकट निवडू लागायला. प्राचीच्या खोलीत जातातच असं नाही. घरी आई चहाचा कप पुढे करते तेव्हा कधीकधी प्राचीची नजर तिच्या हातांवर खिळते. मालनबाईंच्या ते लक्षात येतं. त्या हात मागे घेत नाहीत. प्राची कप घेईपर्यंत तो तसाच धरून ठेवतात.